कॅसेटवर न मावलेलं गाणं

१९९६ च्या पावसाळ्यात दादानं एक कॅसेट आणली. ओरिजिनल नव्हे. कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात तेव्हा एक दुकान होतं. तिथं गाणी सांगितली की दोन दिवसांत कोऱ्या कॅसेटवर भरून मिळायची. दादा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. हॉस्टेलवरच्या कुणाकडून तरी मूळ कॅसेट त्यानं एका दिवसाच्या बोलीवर आणली होती आणि दुकानदारानं ती ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर उतरवून दिली होती. दुसऱ्या बाजूला आईच्या आवडीची जुनी हिंदी गाणी. आतल्या कागदावर दुकानातल्या पोरानं निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, 'क्रॅनबेरीज – झोंबी व इतर'. क्रॅनबेरीज म्हणजे आयर्लंडचा एक रॉक बँड.

झोंबी हा शब्द मंगळवार पेठेत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दोन पैलवान एकमेकांना भिडले आणि कुणीच कुणाला सोडेना, की ती झोंबी. गाण्याचं खरं नाव 'झॉम्बी', म्हणजे चालतंफिरतं प्रेत, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. तोवर मी ते गाणं झटापटीचं गाणं म्हणूनच ऐकलं, आणि आजही त्यातली झटापट मला आधी ऐकू येते. गिटारचा तो जड, खरखरीत धक्का आणि त्याच्या छातीवर पाय रोवून उभा राहिलेला बाईचा आवाज. शब्द कळत नव्हते. कुणीतरी कुणाला तरी सोडत नाहीये, एवढं नक्की कळत होतं.

बाबा उद्यमनगरात लेथवर होते. दिवसभर चकच्या घरघरीत कान घालवून घरी आले की त्यांना शांतता लागायची. अपवाद गुरुवारचा. गुरुवारी गल्लीतल्या दत्ताच्या देवळात भजन असायचं आणि बाबा पेटीला असायचे. पेटी ते स्वतः शिकलेले. त्यांचं एक ठाम मत होतं, साथ करणाऱ्यानं गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागं राहायचं. पुढं गेला की गाणारा बिचकतो.

त्या दिवशी ते हातपाय धुऊन बाहेरच्या खोलीत आले आणि टेपमधून ती ओरड आली. बाबा टॉवेल हातात धरून थांबले.

"ही बाई गातीया का रडतीया रं?"

दादा काही बोलायच्या आत आजीनं स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "दोन्ही येकच असतंय कवाकवा."

आजी भुदरगडकडची. तिच्या गावाकडं मयताच्या घरी बायका गळ्यात गळा घालून हेल काढून रडायच्या. नुसतं रडणं नसायचं ते. गेलेल्या माणसाचे गुण, त्याच्या खोडी, अर्धवट राहिलेली बांधाची कामं, कुणाचं देणं, कुणाचं लग्न, सगळं त्या हेलात बसवलेलं असायचं. एक बाई थांबली की दुसरी तिथूनच सूर उचलायची. मी लहानपणी एकदा ते ऐकलं आणि घाबरून आईच्या पदरात शिरले होते. आयर्लंडच्या खेड्यांतही मयतापाशी बायकांनी असं सुरात रडण्याची फार जुनी रीत होती, त्याला ते लोक 'कीनिंग' म्हणतात, हे मी पुढं वाचलं. लिमरिक परगण्यातल्या बॅलिब्रिकन नावाच्या खेड्यात १९७१ साली जन्मलेल्या, चर्चमध्ये गात आणि ऑर्गन वाजवत वाढलेल्या क्रॅनबेरीजच्या गायिकेच्या, डोलोरेस ओ'रिऑर्डनच्या, गळ्यातली ती मोड, सूर मध्येच तडकून वरच्या पट्टीत उडी घेतो ती जागा, अनेकांनी या रडण्याशी जोडली आहे. आजीनं काहीही न वाचता ती एका वाक्यात जोडली होती.

मग मला क्रॅनबेरीजचा नाद लागला. नाद हाच शब्द बरोबर आहे.

केबलवर त्या गाण्याचा व्हिडिओ लागायचा. सोनेरी रंग फासलेली ती, मागं क्रूस, भोवती चंदेरी रंगातली पोरं, आणि मध्येच बेलफास्टच्या रस्त्यांवरचे बंदुका घेतलेले सैनिक. गाणं कशावर आहे ते दादाच्या मित्रानं सांगितलं. २० मार्च १९९३ ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात भर बाजारात कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले बॉम्ब फुटले. उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता संपवायला लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीनं ठेवलेले. त्यात ३ वर्षांचं एक पोर जागीच गेलं आणि १२ वर्षांचा एक मुलगा पाच दिवसांनी. बाईनं गाणं लिहिलं ते स्वतःच्याच बाजूच्या माणसांना विचारण्यासाठी, की हे तुम्ही कुणाच्या नावानं चालवलंय? १९९४ चं गाणं. आम्हाला इथं १९९३ हे साल मुंबईच्या स्फोटांचं म्हणून माहीत. त्यामुळं ते गाणं परकं वाटायचं कारणच नव्हतं.

बाकी तिघांची नावंही मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. गिटारवर नोएल होगन, बासवर त्याचा भाऊ माइक, ड्रमवर फर्गल लॉलर. तिघं लिमरिकचे. आधी त्यांचा गायक वेगळा होता, तो सोडून गेला, आणि १९९० मध्ये ही १८-१९ वर्षांची मुलगी आली. नोएलनं तिला काही कॉर्ड्स कॅसेटवर भरून दिल्या. ती घरी घेऊन गेली आणि त्यावर चाल आणि शब्द बसवून परत आली. ते 'लिंगर'. ही गोष्ट मला इतकी आवडायची की मी ती मैत्रिणींना सांगत सुटायचे. कॅसेटवरून कॅसेटवर गाणं जातं, तसंच की ते आमच्याकडंही आलं.

पुढची दहा वर्षं माझ्या मनात बँड म्हणजे चौघांचा मिळून एकच प्राणी होता. नोएलच्या गिटारचे ते सुटे, झुळझुळणारे सूर ऐकले की तिचा आवाज आता येणार हे कानाला ठाऊक असायचं, आणि तिचा आवाज आला की त्याखाली ते सूर असणारच. एकत्र कुटुंबातल्या घरात कुणाचं ताट कुठलं हे विचारायचं नसतं, तसं मी कधी विचारलं नाही की यातलं कुणाचं काय.

२००३ साली बँड थांबला. २००७ च्या मे महिन्यात तिचा एकटीचा अल्बम आला, 'आर यू लिसनिंग?'. पुण्याला नोकरी करणाऱ्या मैत्रिणीनं त्याची सीडी आणून दिली. ती दिवाळीत आली होती. माझं लग्न होऊन मी राजारामपुरीत राहायला आले होते आणि मला सहावा महिना होता. दुपारी सगळे झोपल्यावर मी सीडी लावली.

दोन गाणी ऐकली आणि मला राग आला. ठसठशीत राग. आवाज तोच, मोड तीच, पण खाली ते झुळझुळणं नव्हतं. त्या जागी दुसऱ्याच कुणाच्या गिटार, दुसरेच ड्रम. ओळखीच्या घरात जावं आणि भांडी दुसऱ्याच कपाटात सापडावीत तसं. सगळी गाणी कशीबशी ऐकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकून बघितली, आणि मग ती सीडी कपाटात साड्यांच्या खाली गेली. मैत्रिणीला म्हटलं, "ठीक आहे, पण ते नाही." ती बिचारी म्हणाली, "ते नाहीच आहे. हे आहे." मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं.

ज्या गावात मी वाढले त्या गावात राहून तरी मला हे कळायला हवं होतं. अल्लादिया खाँसाहेब १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आले आणि महाराज जाईपर्यंत इथं राहिले. तरुणपणी अतोनात गाऊन त्यांचा मूळ आवाज बसला होता. गेलेला आवाज परत आणायचा हट्ट त्यांनी धरला नाही. जो आवाज उरला त्याला साजेल अशी वेगळीच गायकी त्यांनी बांधली, आणि आज जगभर जयपूर-अत्रौली म्हणतात ते घराणं त्यातून उभं राहिलं. देवल क्लबात गाणं ऐकायला जाणाऱ्या बाबांनी ही गोष्ट मला कितीदा सांगितली असेल. मी ती खाँसाहेबांची गोष्ट म्हणून ऐकली. लिमरिकच्या बाईला ती लावून बघायचं मला सुचलं नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये मुलगी झाली. त्यानंतर काही वर्षं मी काहीच ऐकलं नाही, म्हणजे गाणी चालू असायची पण ऐकणं नव्हतं. २००९ मध्ये बँड पुन्हा जमला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच वर्षी तिचा एकटीचा दुसरा अल्बम आला होता तो मला कळलासुद्धा नाही. मग १५ जानेवारी २०१८. लंडनच्या एका हॉटेलात ती गेली, ४६ वर्षांची. बाथटबमध्ये बुडून, अपघातानं, असं नंतर चौकशीत निघालं. मी शिरोलीतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बातमी दिसली. डबा तसाच बंद केला. बाहेर यार्डात कास्टिंगचा ट्रक भरत होता, त्याच्याकडं बघत उभी राहिले. त्या रात्री आम्ही दादाशी फोनवर बोललो, तो बेंगळुरूला असतो आता. दोघांनी आपापल्या घरी 'झॉम्बी' लावलं. त्या एकट्या अल्बमची आठवण मला तेव्हाही झाली नाही.

२०२१ मध्ये माझ्या सासूबाईंना कॅन्सर निघाला. पोटाचा, उशिरा कळलेला. जूनपासून केमो सुरू झाली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात दाखल केलं होतं आणि नेमका महापूर आला. पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी महामार्गावर चढलं, रस्ता बंद झाला. माझे मिस्टर कामानिमित्त सांगलीला गेलेले, ते तिकडंच अडकले. मुलगी नणंदेकडं. दवाखान्यात सासूबाई आणि मी. दिवसपाळीची सिस्टर घरी जाऊ शकली नव्हती, ती रात्रपाळीही करत होती. खिडकीतून नुसता पावसाचा आवाज यायचा आणि कुठंतरी लांब जनरेटर चालायचा.

नेटवर्क येऊन जाऊन होतं. फोनवर काही लागायचं नाही, आधी उतरवून ठेवलेलं तेवढंच. लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. माझ्या वाढदिवसाला तिनं माझ्या फोनवर डोलोरेसच्या नावानं जे जे सापडलं ते सगळं उतरवून ठेवलं होतं. तिला बँड वेगळा, एकटीचं वेगळं, असला भेद माहीत नव्हता. नावाखाली आलं ते घेतलं.

दुसऱ्या रात्री, दोन वाजून गेले असतील, मी बाकावर भिंतीला टेकून इअरफोन कानात घालून बसले होते. क्रम असा काही नव्हता, फोन लावेल ते. 'लिंगर' झालं, मग आणखी एक जुनं, आणि मग एक गाणं सुरू झालं जे मला ओळखीचं वाटलं पण आठवेना. हळू. पियानो. आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. कुणाच्या तरी उशाशी बसून कुणीतरी बोलत होतं. फोनवर नाव पाहिलं, 'ब्लॅक विडो'. २००७ चं. साड्यांखालचं.

ते गाणं तिनं आपल्या सासूच्या कॅन्सरवर लिहिलं आहे. हे मला त्या रात्री माहीत नव्हतं, पूर ओसरल्यावर शोधलं तेव्हा कळलं. कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ फोन हातात धरून बसून होते. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा, फुगड्यांची, भोंडल्याची गाणी आठवा. सासू तिथं कशी येते? छळणारी, माहेरी जाऊ न देणारी, कारल्याचा वेल लावायला सांगणारी. शेकडो वर्षं बायकांनी गाऊन गाऊन सासूला तसंच ठेवलंय, आणि त्याला कारणंही आहेत, मी ती नाकारत नाही. पण सासूच्या दुखण्यानं सुनेच्या काळजाचं पाणी झालं, असं गाणं मला तरी आपल्यात आठवेना. आणि हे गाणं एका रॉक गाणाऱ्या बाईनं केलं होतं, जिचा आवाज लाखो लोकांनी मैदानात उभं राहून ऐकला होता.

त्या रात्री मला हे काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की या गाण्याला गिटारची ती झुळझुळ नको आहे. ती असती तर हे गाणं झालंच नसतं.

"कानात काय घालून बसलीस?" सासूबाई जाग्या होत्या. सलाईनच्या हाताकडं बघत होत्या.

"गाणं आहे, आई."

"मला दे की."

मी एक बोंडी त्यांच्या कानात घातली, एक माझ्या. वायर आखूड, म्हणून डोकं त्यांच्या उशीला टेकवून वाकून उभी राहिले. त्यांच्या केसांना, जे होते त्यांना, दवाखान्याच्या साबणाचा वास येत होता. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. संपल्यावर त्या म्हणाल्या, "ही बाई घरात गातीया."

मी विचारलं, म्हणजे कसं? त्यांनी डोळे मिटले होते. "म्हंजे लोकास्नी ऐकू जावं म्हून न्हाई."

पुढच्या तीन रात्री आम्ही तो सगळा अल्बम असाच ऐकला, एकेक बोंडी. पहिलं गाणं 'ऑर्डिनरी डे'. ते तिनं तिच्या धाकट्या मुलीसाठी लिहिलेलं, २००५ मध्ये झालेल्या. माझ्या पोटात मुलगी असताना मी ते गाणं दोनदा ऐकून बाजूला ठेवलं होतं. साधा दिवस, खास काही नसलेला, त्यावर गाणं. बँड थांबल्यापासूनची चार वर्षं, घर, लेकरं, आजारपण, सगळं या अल्बममध्ये शिरलं आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ती बँडमध्ये आली होती, २२-२३ व्या वर्षी जगभर नाव. आणि इथं ती म्हणत होती, थांबा, जरा घरात बसू द्या.

सगळीच गाणी मला सारखी आवडत नाहीत. दोन-तीन गाण्यांत गिटार उगीच अंगावर येते. मला ती गाणी कुणाला तरी दाखवण्यासाठी केल्यासारखी वाटतात, की बघा, बँडशिवायही मला असं वाजवता येतं. तिथं मी आजही पुढं जाते. 'लूजर' सासूबाईंनाही आवडलं नाही, त्यांनी बोंडी काढून हातात धरली. पण 'ब्लॅक विडो', 'ऑर्डिनरी डे', आणि ज्या ज्या जागी तिनं आपल्याच आवाजावर आपलाच दुसरा आवाज धरलाय त्या जागा, तिथं मला कळायला लागलं की तिला साथ लागत होती ती आतूनच मिळत होती.

सासूबाई फेब्रुवारी २०२२ मध्ये गेल्या. घरी, सकाळी, चहा ठेवला होता तेव्हा.

दिवस झाल्यावर मी माहेरी चार दिवस राहिले. माळ्यावरची जुनी ट्रंक उतरवली तर त्यात दादाची ती कॅसेट. 'झोंबी व इतर'. शाई फिकी झालेली, अक्षर तेच. टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेलेला. बाबांनी शेजाऱ्यांकडून एक आणला, त्याचा पट्टा सैल होता. तो त्यांनी उघडून, कुठल्याशा दुसऱ्या यंत्राचं रबर घालून सुरू केला. ऐंशीला आले तरी हात लेथवाल्याचेच. एवढीशी कप्पीसुद्धा बोटाच्या पेरावर फिरवून, कुठं चढ आहे का ते बघून मगच बसवली.

गाणी एकामागून एक आली आणि मी ओठांनी पुढचं गाणं आधीच म्हणत होते. शेवटाकडं ते लांबलचक गाणं आलं, मध्येच चाल बदलणारं, आणि ऐन भरात खट्. टेप संपली. ती तिथंच संपायची. अल्बम ५० मिनिटांचा आहे, कॅसेटची बाजू ४५ ची. पंधरा-सोळाव्या वर्षापासून माझ्या कानाला ते गाणं तसंच, तुटलेलंच पाठ आहे. त्यानंतर अल्बमवर आणखी एक गाणं आहे, शेवटचं, ज्याच्या नावावरून अल्बमचं नाव पडलं, 'नो नीड टू आर्ग्यू'. कॅसेटवर ते मावलंच नव्हतं. पुढं सीडी आल्या, मोबाइल आले, तेव्हा ते कधीतरी वाजलंही असेल. पण माझ्या मनात तो अल्बम त्या खट् आवाजाला संपलेला होता.

मग मी मूळ अल्बमची सीडी मागवली, जुन्या बाजारातून, आतल्या पुस्तिकेसकट. मुखपृष्ठावर पांढऱ्या खोलीत चौघं सोफ्यावर बसलेत. आधीच्या अल्बमवरही तोच सोफा. दुकानातल्या पोराच्या त्या बॉलपेनच्या कागदावर कुठलं आलंय हे सगळं. कुठलं गाणं कुणी केलं हे मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वाचलं. बऱ्याच गाण्यांपुढं दोन नावं, ओ'रिऑर्डन आणि होगन. कॉर्ड्स त्याच्या, चाल आणि शब्द तिचे, जसं मी सांगत आले होते. आणि 'झॉम्बी'पुढं एकच नाव. तिचं. शब्द तिचे, कॉर्ड्स तिच्या. ज्या गाण्यावरून मी म्हणत होते की बँड म्हणजे असा, एकजीव, ते गाणं तिनं एकटीनं, घरी बसून, साध्या अकूस्टिक गिटारवर केलेलं होतं. बाकीच्यांनी ते उचललं, जड केलं, मैदानाएवढं केलं. आणि शेवटचं, माझ्या कॅसेटवर न मावलेलं, 'नो नीड टू आर्ग्यू', त्यापुढंही तिचंच एकटीचं नाव.

मी बाबांच्या शेजारी बसून ते लावलं. पाऊण-एक मिनिट गेल्यावर लक्षात आलं की यात दुसरं काहीच येणार नाहीये. ड्रम नाही. गिटार नाही. खाली ऑर्गनचा एक धरून ठेवलेला सूर, चर्चमध्ये असतो तसा, आणि वर ती. १९९४. एकटीचा अल्बम यायला अजून तेरा वर्षं होती, आणि ती तिथंच होती, अल्बमच्या शेवटच्या तीन मिनिटांत, बाकी तिघं जणू सोफ्यावरून उठून बाहेर गेल्यावर. नोएलच्या झुळझुळीवाचून जो आवाज मला २००७ मध्ये परका वाटला, तो मला भेटायला १९९६ मध्येच यायला हवा होता. पाच मिनिटांची फीत कमी पडली.

बाबांना आता कमी ऐकू येतं. ते टेबलाकडं झुकून, कानामागं तळवा धरून ऐकत होते. गाणं संपलं तरी तळवा तसाच.

"पेटी कोण वाजवतंय?"

"तीच."

बाबांनी मान हलवली. "तरीच म्हटलं. मागं न्हाई, पुढं न्हाई." मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "परत लाव."